उताऱ्यावर एक, शेतात दुसरा: कृषी गणनेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कृषी गणनेवर छोटं टिपण आलं आणि तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पत्रं आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज येतायत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते, उताऱ्यावर नाव एकाचं आणि चिखलात पाय दुसऱ्याचे, मग सरकार मोजतं कुणाला? म्हणून या वेळी सगळं सदर यालाच दिलंय.

प्रश्न (निपाणी): सर, दर हंगामाला गावातला एक पोरगा मोबाईल घेऊन येतो, सोयाबीनचा फोटो काढतो आणि जातो. तीच का कृषी गणना? मग पाच वर्षातनं एकदा असते म्हणतात ती कुठली?

नाही दादा, ते वेगळं आणि हे वेगळं. फोटोवालं काम म्हणजे कर्नाटक सरकारची बेळे समीक्षा, म्हणजे पीक पाहणी, ती खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशी हंगामाला होते, सर्व्हे नंबरमध्ये उभं राहून जीपीएससकट फोटो घ्यायचा आणि पीक नोंदवायचं, शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवरनं पण करता येतं. पीक विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी या सगळ्याला तीच नोंद धरतात.

कृषी गणना केंद्राच्या कृषी खात्याची, राबवतात राज्यं. देशातली पहिली पूर्ण गणना १९७०-७१ सालची आणि तेव्हापासून साधारण दर पाच वर्षांनी होत आलीय. दहावी २०१५-१६ सालची, अकरावी २०२१-२२ सालची, तिचं काम जुलै २०२२ मध्ये सुरू झालं आणि पहिल्यांदाच कागदाच्या तक्त्यांऐवजी स्मार्टफोन आणि टॅबलेटवर माहिती भरायचं ठरलं. साल लिहिताना दोन आकडे का, असंही एकानं विचारलंय, तर शेतीचं वर्ष जुलै ते जून धरतात म्हणून. आणि ही फक्त आपल्या देशाची गोष्ट नाही, जगभरातल्या देशांनी एकाच पद्धतीनं शेतं मोजावीत ही कल्पना १९३० सालापासूनची आहे, १९५० पासून ती संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना चालवते.

पण दोन्ही वेगळ्या आहेत म्हणून फोटोवाल्या पोराला हलकं समजू नका. कर्नाटकात गणनेचा पाया महसुलाच्या रेकॉर्डवर म्हणजे आपल्या उताऱ्यावर घातला जातो, आणि उताऱ्यातली पिकाची नोंद आता त्या समीक्षेतनंच येते. त्यानं बांधावरनंच सोयाबीनच्या जागी ऊस लिहिला तर ती चूक किती लांब जाते बघा.

प्रश्न (कडोली): आम्ही तिघं भाऊ. उतारा एकच, वडिलांच्या नावावर, सहा एकर. वाटणी तोंडी झालीय, प्रत्येकजण आपापले दोन एकर बघतो, चुली वेगळ्या, बियाणं वेगळं, बँकेचं कर्ज तेवढं एकत्र. गणनेत आमचं शेत एक की तीन?

तीन. निदान नियमाप्रमाणं तरी तीनच, आणि हे नीट समजून घ्या कारण सगळी गणना या एका गोष्टीवर उभी आहे.

गणना मालकी मोजत नाही, ती वहिवाट मोजते. ज्या जमिनीवर पूर्ण किंवा थोडीतरी शेती होते आणि जी एक माणूस, एकट्यानं किंवा इतरांबरोबर, एकच कारभार म्हणून चालवतो, ती सगळी मिळून एक खातं धरतात, मग ती कुणाच्या नावावर आहे, कुठल्या कागदानं आलीय, किती तुकड्यात विखुरलीय याचा काही संबंध नाही. काय पेरायचं, कधी पेरायचं, पाणी कधी द्यायचं, नफा तोटा कुणी सोसायचा हे ज्याच्या हातात तो वहिवाटदार. तुमच्याकडं असे तिघं आहेत.

आता उलटं बघा. वाटणी कागदावर झाली, तीन उतारे झाले, पण थोरला भाऊच सगळं शिवार एकत्र बघतो, खत एकत्र येतं, माल एकत्र जातो, तर ते एकच खातं. आणि दोन वेगळ्या चुलींची माणसं मिळून एकच शेत करत असतील, पैसा आणि निर्णय दोन्हीत भागीदारी असेल, तर ते संयुक्त खातं म्हणून वेगळं लिहितात. कारखान्याचा फार्म, देवस्थानाची किंवा कॉलेजची शेती ही संस्थात्मक.

यानं फरक काय पडतो? एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. तुमचे सहा एकर एकत्र धरले तर होतात २.४३ हेक्टर, म्हणजे तुम्ही २ ते ४ हेक्टरच्या अर्ध-मध्यम गटात. तीन केले तर प्रत्येकाचे ०.८१ हेक्टर, म्हणजे तिघंही १ हेक्टरच्या आतले, अत्यल्प भूधारक. जमीन तीच, बांध पण तेच, पण एक बऱ्यापैकी शेतकरी जाऊन तीन अगदी लहान शेतकरी उभे राहिले. देशभर गेल्या पन्नास वर्षात नेमकं हेच झालंय. १९७०-७१ ला देशात अशी खाती होती ७.१ कोटी आणि सरासरी आकार २.२८ हेक्टर, २०१५-१६ ला खाती झाली १४.६५ कोटी आणि सरासरी १.०८ हेक्टर. अत्यल्प आणि अल्प मिळून, म्हणजे २ हेक्टरच्या आतली, शंभरातली ८६ खाती, आणि त्यांच्याकडं जमीन मात्र निम्म्याहून कमी, ४६.९४ टक्के. कर्नाटकाची सरासरी जरा बरी, १.३६ हेक्टर, पण त्यात कोरडवाहू माळाचे मोठे तुकडे पण आले, त्यामुळं कडोलीच्या बागायती दोन एकराशी तिची तुलना करू नका.

मी वर "निदान नियमाप्रमाणं" म्हटलं ते उगीच नाही. पहिल्या टप्प्यात वहिवाटदारांची यादी रेकॉर्डवरनंच तयार होते. रेकॉर्डवर वडिलांचंच नाव असेल आणि तलाठ्यानं गावात कुणाला विचारलंच नाही तर तुम्ही तिघं एकच राहणार. वडील हयात असतील तर त्यांच्या हयातीत रीतसर वाटणीपत्र करून घ्या, ते वारले असतील तर पौती खात्यासाठी, म्हणजे उताऱ्यावर वारसांची नावं लावायला, अर्ज टाका. त्यासाठी स्केच, पोडी म्हणजे सर्व्हे नंबरची फोड, सर्व्हेअरच्या खेपा हे सगळं कटकटीचं आहे हे मला माहिती आहे, तरी पण ते काम पुढच्या पिढीवर ढकलू नका, कारण तेव्हा तिघांचे नऊ झालेले असतील आणि सह्या गोळा करता करता नाकी नऊ येतील.

प्रश्न (हलगा): आमच्या गावात आजवर कोणी गणनेला आलेलं कुणालाच आठवत नाही. मग आकडे येतात कुठनं?

घरोघरी जाऊन विचारणं हे सगळीकडं होतच नाही. काम तीन टप्प्यात चालतं. पहिल्यात गावोगावच्या जमीन रेकॉर्डवरनं वहिवाटदारांची यादी, कुणाकडं किती क्षेत्र, पुरुष की स्त्री, कुठल्या सामाजिक गटातला, एवढंच. आपल्याकडं ती बहुतेक तलाठ्याच्या पातळीवर कागदावरनंच निघते. केरळ, ओडिशा, पश्चिम बंगाल अशा राज्यांत असं गावनिहाय अद्ययावत रेकॉर्ड नसल्यामुळं तिथं निवडक गावांत घरोघरी विचारतात.

दुसऱ्या टप्प्यात तालुक्यातली शंभरातली २० गावं नमुना म्हणून निवडतात आणि तिथं खोलात जातात, कुठलं पीक किती क्षेत्रावर, पाणी विहिरीचं की कॅनॉलचं की बोअरचं, पड किती, खंडानं घेतलेली किती, तुकडे किती. तिसरा टप्पा निविष्ठांचा, म्हणजे खत, बियाणं, औषध, अवजारं, जनावरं, कर्ज. त्याला फक्त ७ टक्के गावं, आणि गावात प्रत्येक आकाराच्या गटातनं चार चार खाती. त्यामुळं तुमच्या गावचा नंबर लागला नसेल हे अगदी शक्य आहे. पण पहिल्या टप्प्यात तुमचं गाव आहेच, तुम्हाला न विचारता आहे, आणि म्हणूनच मी पुन्हा पुन्हा उताऱ्यावर येतोय.

प्रश्न (खानापूर तालुका): मालक पुण्याला असतात. त्यांची साडेतीन एकर मी खंडानं करतो, रताळी आणि भात. नांगरट, रोपं, मजुरी, भांगलण सगळं माझं, भाव पडला तर बुडतो पण मीच. उताऱ्यावर माझं नाव कुठंच नाही. मी शेतकरी म्हणून मोजला जातो का?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नियमानं शेतकरी तुम्हीच, मालक नव्हेत. वर कडोलीच्या भावांना जी व्याख्या सांगितली तिच्यात मालकीचा कागद बघायचाच नाही असं स्पष्ट आहे. ती साडेतीन एकर, अधिक तुमची स्वतःची काही गुंठे असतील तर ती, सगळं मिळून तुमचं एक खातं. आणि पुण्याच्या मालकांकडं दुसरी कुठली जमीन कसायला नसेल तर गणनेच्या हिशोबात त्यांचं खातंच होत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते पण सांगायला पाहिजे. कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्यात १९७४ ला दुरुस्ती झाली, कुळांकडच्या जमिनी सरकारजमा करून कुळांना द्यायचं ठरलं आणि सैन्यातले लोक वगैरे थोडे अपवाद सोडले तर पुढं जमीन खंडानं देणंच बंद झालं. त्या वेळी कित्येक राबणाऱ्यांना हक्काची जमीन मिळाली, ती फार मोठी गोष्ट होती. पण खंडाचा व्यवहार काही थांबला नाही, तो तोंडावर आला. मालकाला भीती की कसणाऱ्याचं नाव एकदा लागलं की जमीन गेली, कसणाऱ्याला भीती की नाव लावा म्हटलं तर पुढच्या वर्षी जमीन मिळणार नाही. म्हणून दोघंही गप्प बसतात आणि कागदावर मालक पुण्यात बसून रताळी लावत असतात.

हे किती मोठं आहे त्याचा अंदाज दुसऱ्या एका पाहणीवरनं येतो. राष्ट्रीय नमुना पाहणीवाले रेकॉर्ड बघत नाहीत, घरी येऊन विचारतात. त्यांच्या २०१९ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या खात्यांपैकी १७.३ टक्के खात्यांत खंडाची किंवा वाट्याची जमीन निघाली, त्याआधीच्या २०१३ च्या पाहणीत १३.७ टक्के होती. रेकॉर्डवरनं मोजणाऱ्या राज्यांत खंडाचा रकाना मात्र जवळपास रिकामा दिसतो. म्हणजे वाढतंय आणि कागदाला पत्ता नाही.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं. भात आडवं झालं की भरपाई उताऱ्याच्या नावावर जाते, पीक कर्ज उताऱ्यावर मिळतं, आणि ज्याचं नाव आकड्यातच नाही त्याच्यासाठी धोरण कोण करणार? तुमचं गाव नमुन्यात आलं आणि माणूस विचारायला आला तर न घाबरता सांगा की मी कसतो, अमुक गुंठ्यात रताळी, अमुक गुंठ्यात भात. गणनेला दिलेल्या उत्तरानं कुणाचा मालकी हक्क जात नाही आणि कुणाला मिळत पण नाही, छापल्या जाणाऱ्या तक्त्यात नावं नसतात, नुसत्या बेरजा असतात. हे मालकांना पण फोन करून समजावून सांगा, आधीच सांगितलेलं बरं.

प्रश्न (येळ्ळूर): खराबा, पड जमीन, दुबार पीक, हे सगळं कसं धरतात? आमच्या उताऱ्यात एकूण ३ एकर २० गुंठे आहे पण पिकाच्या रकान्याची बेरीज कधीच जुळत नाही.

जुळणारच नाही काका, कारण पिकाखालचं क्षेत्र दोन प्रकारे मोजतात. तुमचंच शेत घेऊन बघू, आकडे मी समजण्यासाठी धरतो. ३ एकर २० गुंठे म्हणजे १४० गुंठे. त्यातला १० गुंठे अ खराबा, म्हणजे खडक, ओढ्याची कड, जिथं पीक येतच नाही. खरीपात ६० गुंठ्यात भात आणि ४० गुंठ्यात बटाटा. उरलेले ३० गुंठे या वर्षी रिकामे ठेवले. भात निघाल्यावर त्यातल्या ४० गुंठ्यात ओलीवर मसूर टाकली.

आता निव्वळ पेरलेलं क्षेत्र किती? भात आणि बटाटा मिळून १०० गुंठे. मसुरीचे ४० त्यात परत धरायचे नाहीत, कारण जमीन तीच. पण एकूण पिकाखालचं क्षेत्र काढताना ते धरायचे, म्हणजे १४० गुंठे. एकूणाला निव्वळनं भागलं की पिकाची घनता, १४० टक्के. योगायोगानं इथं हे १४० आणि जमिनीचे १४० सारखे आलेत, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, गोंधळू नका. रिकामे ३० गुंठे ही चालू पड. तीच जमीन वर्षापेक्षा जास्त पण पाच वर्षांच्या आत पडून राहिली तर इतर पड, आणि पाच वर्षांच्या वर कुणी नांगरच घातला नाही तर ती लागवडीलायक पण पडीक अशा वेगळ्या रकान्यात जाते. खराबा कायमच लागवडीबाहेर. पण तुमचं खातं किती मोठं हे ठरवताना खराबा आणि पड दोन्ही धरतात, त्यामुळं तुमचं खातं १४० गुंठ्यांचं, म्हणजे १.४२ हेक्टर, अल्प भूधारक.

उसाचं म्हणाल तर, तो वर्षभर किंवा त्याहून जास्त उभा असला तरी एका वर्षात एकदाच मोजायचा, खरीपात एकदा आणि रब्बीत परत असं नाही. मिश्र पिकात क्षेत्र वाटून टाकतात. आणि एकरी पीक किती निघालं हे गणनेत येतच नाही, त्याच्यासाठी पीक कापणी प्रयोग असतो, ठराविक मापाचा चौकोन आखून कापून, झोडून, वजन करून.

पड या रकान्याकडं बेळगाव शहराच्या कडेच्या लोकांनी जरा जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. रस्त्यासाठी, लेआऊटसाठी जमीन जाणार अशी कुणकुण लागली की लोक पेरायचं सोडतात, चालू पड बघता बघता इतर पड होते आणि मग पडीकच आहे की, असं कागदच बोलायला लागतो. दोन पिकं देणारी येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातली काळी जमीन कागदावर पडीक दिसू नये, पिकत असेल तर पीक नोंदवून घ्या.

प्रश्न (बाची): घर कर्नाटकात, दीड एकर इथं आणि दोन एकर पलीकडं शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुक्यात. मी कुठं मोजला जातो?

दोन्हीकडं. एका माणसाचे वेगवेगळ्या गावातले तुकडे एकत्र धरतात खरे, पण तालुक्याच्या हद्दीपर्यंतच. तालुका बदलला की खातं वेगळं, इथं तर राज्यच बदलतं. म्हणजे इकडचं दीड एकर ०.६१ हेक्टरचं एक खातं, तिकडचं दोन एकर ०.८१ चं दुसरं, दोन्ही अत्यल्प. खरं तर तुम्ही एकच माणूस, साडेतीन एकर कसणारे, एकत्र धरलं असतं तर अल्प भूधारक झाला असता. सीमेवर असे शेकड्यानं लोक आहेत, नातीगोती आणि जमिनी दोन्हीकडं. म्हणून खात्यांचा आकडा म्हणजे शेतकऱ्यांचा आकडा असं कुणी भाषणात म्हणालं तर ते तितकंसं बरोबर नाही.

नोंदी दोन्हीकडं वेगळ्या सांभाळाव्या लागतील, इकडं कन्नड उतारा आणि बेळे समीक्षा, तिकडं सातबारा आणि २०२१ पासून ई-पीक पाहणी. कन्नड वाचता येत नसेल तर जाणत्या माणसाकडनं पिकाचा आणि कसणाऱ्याचा रकाना तेवढा वर्षातनं एकदा वाचून घ्या.

प्रश्न (कागवाड): म्हशी आणि कोंबड्या पण मोजतात का?

पशुगणना वेगळी असते, २०१९ ला विसावी झाली. कृषी गणनेत जनावरं फक्त निविष्ठांच्या टप्प्यात, नमुन्यातल्या खात्यांपुरती विचारतात. गोठा आहे पण कसायला जमीनच नाही अशा माणसाचं इथं खातं होत नाही.

प्रश्न (बेळगुंदी): मिस्टर गोव्याला कामाला असतात, दोन महिन्यांनी येतात. बटाटा कधी लावायचा, काजूचा माळ कुणाला द्यायचा, गडी कोण सांगायचा हे सगळं मीच बघते. उतारा सासऱ्यांच्या नावावर. मी वहिवाटदार की गृहिणी?

ताई, वहिवाटदार. निर्णय तुमचा, जबाबदारी तुमची, म्हणजे व्याख्येप्रमाणं खातं तुमच्या नावानं स्त्री म्हणून लिहायला पाहिजे. स्त्री-पुरुष असं वेगळं लिहायला सुरुवातच १९९५-९६ च्या गणनेपासून झाली. २०१०-११ ला देशातल्या खात्यांपैकी १२.७९ टक्के स्त्रियांची निघाली, २०१५-१६ ला १३.९६. आपल्या पश्चिम भागात गोवा, पुणे, मिलिटरी यामुळं घराघरात पुरुष बाहेर आहेत, रोप लावणीपासून बाजारापर्यंत बायका बघतात, तिथं शंभरातल्या चौदाच हे कुणाला पटेल? ही संख्या मुख्यतः उताऱ्यावर नाव असलेल्या बायकांची, आणि त्यातल्या पुष्कळ जणींचं नाव नवरा वारल्यावर लागलेलं असतं.

तुम्हाला आत्ता करता येण्यासारखं सांगतो. पीक समीक्षेची नोंद स्वतः उभं राहून करून घ्या. सासऱ्यांना विश्वासात घेऊन वाटणीत तुमचं आणि मिस्टरांचं संयुक्त नाव लागेल असं बघा. आणि विचारायला कोणी दारात आला तर, मालक घरात नाहीत, नंतर या, असं सांगून परत पाठवू नका. बसवा, पाणी द्या आणि उत्तरं तुम्हीच द्या, कुठल्या गुंठ्यात काय आहे हे घरात तुमच्याइतकं कुणाला माहिती नाही.

प्रश्न (बेळगाव, कॉलेजचा विद्यार्थी): आमच्या तालुक्याचे आकडे कुठं बघायला मिळतील?

कृषी गणनेच्या सरकारी पोर्टलवर. राज्य, मग जिल्हा, मग तालुका निवडायचा आणि तक्ता निवडायचा, आकाराच्या गटाप्रमाणं खाती आणि क्षेत्र, सिंचन, पिकं, सगळं फुकट आहे. जिल्ह्याचं नाव इंग्रजी यादीत जुन्या स्पेलिंगनं पण असू शकतं तेव्हा दोन्ही शोधा. प्रोजेक्ट करणार असाल तर सुरुवात खानापूर आणि अथणीपासून करा, एका बाजूला जंगलाच्या कडेचं पावसाचं भात, दुसऱ्या बाजूला कोरडा माळ आणि कृष्णेच्या पाण्यावरचा ऊस, जिल्हा एकच पण जमिनीचा वापर किती वेगळा ते दोन तक्त्यात दिसेल. मग आपल्या गावातल्या दहा बारा घरांत स्वतः जाऊन कोण कसतं ते विचारा आणि उताऱ्याशी ताडून बघा, ती यादी आमच्याकडं पाठवलीत तर नावं वगळून पुढच्या अंकात नक्की छापू.